सात नंबरची क्लिप

१

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी इंदूर उशिरा उठतं. अंगावरचा रंग निघालेला नसतो आणि तो निघावा अशी कोणाला घाईही नसते. लालबागच्या मागच्या रस्त्यावरच्या एका दुमजली इमारतीत मात्र सकाळी साडेनऊलाच हलकल्लोळ उडाला. वरच्या मजल्यावरच्या लॅबमधून बोर्ड नाहीसा झाला होता.

बोर्ड म्हणजे वहीच्या पानाएवढी हिरवी पट्टी आणि तिच्या मधोमध नखाएवढी चिप. सात वर्षं खपून अकरा जणांनी ती चिप घडवली होती. जंगलात किंवा शेताच्या बांधावर कॅमेरा लावावा, त्यात लहानशी बॅटरी घालावी, आणि त्याने महिनोन्महिने लख्ख एचडी चित्रण करावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. पहिल्या लॉटच्या बारा चिपांपैकी अकरा चाचण्यांत एकेक करून जळाल्या आणि ही एकच उरली. आज संध्याकाळच्या विमानाने ती हैदराबादच्या गिऱ्हाईक कंपनीकडे जायची होती.

"काका, चारपर्यंत वेळ आहे," मालक अशोक मुजुमदार म्हणाला. त्याच्या कानामागे कालचा गुलाबी रंग तसाच होता. "चारला मी पोलिसांना फोन करणार. आणि नाव पण देणार. प्रणव दिघे. भिया, मला तर साफ दिसतंय."

हे तो दौलतराव शितोळ्यांना सांगत होता. दौलतराव फाटकावरचे सुरक्षा अधिकारी. पणजोबा दरबारच्या घोडदळात होते. स्वतः दौलतराव अठ्ठावीस वर्षं फौजेच्या सिग्नल्समध्ये काढून महूहून निवृत्त झाले. महूला असताना हरवलेला एक वायरलेस सेट त्यांनी तीन दिवसांत शोधून काढला होता आणि ती हकीकत ऑफिसातल्या प्रत्येकाला किमान दोनदा ऐकवली होती. अशोकला आज तीच आठवली.

"प्रणवच का?" दौलतरावांनी विचारलं.

"त्याला बेंगलोरहून ऑफर आहे. आमच्याच धंद्यातली कंपनी. मला काल कळलं. आणि काल दुपारी सगळे गेर बघायला, रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर असताना हा परत आला होता. तुमच्याच रजिस्टरमध्ये लिहिलंय ना?"

लिहिलं होतं. कालच्या पानावर अकरानंतर तीनच नावं होती. निशिगंधा भिडे बाकीच्यांबरोबर अकराला गेलीच नव्हती, ती बाराला बाहेर पडली. हैदराबादचे श्रीहरी बारा वाजून पाच मिनिटांनी आले. प्रणव सव्वाबाराला आला आणि बारा पन्नासला गेला. बोर्ड सकाळी अकराला सगळ्यांनी चालू पाहिलेला होता. वर लॅबला कुलूप नसायचं. कुलूप काय ते फाटकाला, आणि फाटकावर दौलतराव. कॅमेऱ्याच्या चिपा बनवणाऱ्या त्या कंपनीत कॅमेरा एकही नव्हता. तो बसवायचं तीन वर्षं राहूनच गेलं होतं.

"तुम्ही जागेवरून हलला नव्हतात?"

"कुठे हलणार? साडेबाराला डबा आला, तो पण इथेच खाल्ला," दौलतराव म्हणाले. बायको गेल्यापासून सहा वर्षं ते रंग खेळत नव्हते. घरी बसून भिंतींशी किती बोलायचं, म्हणून तर ही नोकरी धरलेली.

मागच्या खोलीत प्रणव मान खाली घालून बसला होता. सकाळपासून त्याच्याशी कोणी बोललं नव्हतं. आणि आज पोहेही आले नव्हते.

२

पोह्यांचं सांगायला हवं. मल्हारगंजातल्या कमल पागनीस रोज दहाला ऑफिसात पोहे आणायच्या आणि दुपारी दौलतरावांचा एकट्याचा डबा. चार वर्षांपूर्वी त्यांची एकुलती मुलगी तापाने गेली. त्यानंतर अशोकने हे काम त्यांच्याकडे लावून दिलं होतं. पातेलं लॅबच्या दाराशी टेबलावर ठेवायचं, झाकण घालायचं, "वाफ बसू द्या हो" म्हणायचं आणि दहापर्यंत मोजायचं, असा त्यांचा नेम. कमलताईंचे दहा मात्र भलते लांब. भुकेली पोरं प्लेटा घेऊन उभी राहायची, हसायची, पण मोजणं झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. आज सकाळी त्यांचा निरोप आला होता, बरं वाटत नाही म्हणून.

दौलतरावांनी आधी प्रणवला गाठलं.

"काल कशाला आला होतास?"

"शर्ट बदलायला, गर्दीतला रंग उडाला होता. फोनही इथेच राहिला होता." प्रणव नाशिकचा. दोन वर्षं सुदामानगरात एका खोलीत राहत होता. "गेरमध्ये सगळे आपापल्या घरच्यांबरोबर होते, काका. एवढे लाखभर लोक, आणि मला रंग लावायला कोणी नाही. म्हणून लवकर आलो. खाली बाथरूममध्ये हातपाय धुतले, थोडा वेळ बसलो आणि गेलो. लॅबमध्ये पाऊलसुद्धा टाकलं नाही."

"आणि बेंगलोर?"

"ऑफर घेतली आहे. सांगणार होतो." त्याने वर पाहिलं. "तिथे जायचंय ते माझा मित्र तिथे आहे म्हणून. संध्याकाळी बोलायला कोणीतरी असेल. हे अशोकसरांना सांगितलं तर ते हसतील."

दौलतराव हसले नाहीत. त्यांचा मुलगा कॅनडात होता. रविवारी फोन यायचा, चार मिनिटांचा.

श्रीहरी मीटिंगच्या खोलीत बसून होते. गिऱ्हाईक कंपनीचे इंजिनियर. मूळचे सोलापूरचे, अघळपघळ माणूस. काल ते नुसता बोर्ड बघायला आले होते आणि मग इथेच बसून तासभर बायकोशी व्हिडिओवर बोलत राहिले.

"इथून लॅब दिसते. काचेचं दार आहे," दौलतराव म्हणाले. "साडेबाराच्या सुमाराला तिथे कोण होतं?"

"कोणी नाही हो."

"बिल्कुल कोणी नाही?"

"अहो, कोणी असतं तर सांगितलं नसतं का? मी फोनवर होतो, पण डोळे उघडे होते. कोणी नव्हतं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "खरं सांगू का, तो बोर्ड गेला तर आम्हाला पुढच्या लॉटपर्यंत थांबावं लागणार. माझं त्यात नुकसानच आहे."

दौलतरावांना माणूस खोटं बोलतोय असं वाटेना. मग बोर्ड काय पाय फुटून गेला?

३

निशिगंधा भिडे चाचण्यांची प्रमुख. सांगलीची, बोलायला फटकळ. दौलतराव वर गेले तेव्हा ती चहाचा कप घेऊन संगणकापुढे बसली होती.

"काका, इकडे या. चोर काय करून गेला ते मला कळलंय. कोण ते नाही कळलं."

पडद्यावर एक वेडीवाकडी रेघ होती, वर-खाली होत जाणारी.

"ही बोर्डाने खाल्लेली वीज. सेकंदासेकंदाला लिहिली जाते. आपली चिप कमी वीज खाते कशी, माहीत आहे ना? आत आठ कोअर आहेत, आठ कामकरी समजा. चित्रात जे तसंच्या तसं आहे ते पुन्हा बघायचंच नाही. भिंत कालही तिथेच होती, आजही तिथेच आहे, मग तिच्यावर कशाला वीज घालवायची? सात जण झोपतात आणि एक पहारा देतो. काही नवीन दिसलं की तो बाकीच्यांना उठवतो."

"आमच्या गार्ड ड्युटीसारखं," दौलतराव म्हणाले.

"तसंच. आता प्रत्येक क्लिपची रेघ वेगळी. चाचणीसाठी बोर्डात आठ क्लिपा भरलेल्या आहेत, त्या फिरून फिरून चालतात, बाजूच्या पडद्यावर दिसतात. बटण दाबलं की पुढची. आम्ही नुसती रेघ बघून सांगतो कुठली क्लिप चालू आहे. बघा, बारा एकतीसला कोणीतरी बटण दाबायला लागलं. तीन, चार, पाच, सहा. मग सात. सात नंबर पूर्ण चालली. मग पुन्हा फिरवून सात. आणि पुन्हा सात."

"तीन वेळा?"

"तीन वेळा. चाळीस सेकंदांची क्लिप. त्यानंतर वीज बंद. आणि बंद कशी केली बघा. वीज पुरवणारे तीन डबे आहेत, लाल, पिवळा, हिरवा. पहिल्यांदा लाल गेला. सतरा सेकंदांनी पिवळा. आणखी सतरा सेकंदांनी हिरवा. किती नीट! चोर असता तर वायर उपटली असती. हे इंजिनियरचंच काम आहे." तिने खुर्ची मागे सरकवली. "मला प्रणवबद्दल हे बोलायचं नव्हतं. पण आहे हे असं आहे."

"सात नंबरमध्ये काय आहे?"

"लालबाग. झाडं, वाऱ्याने हलणारी पानं. पानं फार अवघड असतात, प्रत्येक पान हललं की चिपची परीक्षा. आम्ही ती हजारो वेळा बघितली आहे. त्यात ईशा आहे, झाडाखाली उभी." तिने कप खाली ठेवला. "ईशा माझ्या आधी इथे होती. कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी म्हणते. आवाज नाही. खरं सांगू? आम्ही पानं बघतो. तिच्याकडे बघायचं कधीच सोडलं."

"मूळ क्लिप असेल ना कुठेतरी?"

"नाही. प्रणवने डिस्कवर जागा करताना चुकून उडवली. ही बोर्डातली आमच्या जुन्या पद्धतीने साठवलेली, ती फक्त ही पहिल्या लॉटची चिपच उलगडू शकते. परवा प्रणव म्हणाला पण, बोर्ड गेला की सात नंबरपासून सुटका. सगळे हसलो आम्ही. पोहे खात होतो."

दाराशी अशोक येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"इंजिनियरचंच काम," तो म्हणाला. "बस, काका. मी चारपर्यंत पण थांबत नाही. तीनला फोन करतो."

आणि तेवढ्यात निशिगंधाने, दुसऱ्या टेबलावरचं एक मशीन बंद करायचं म्हणून, उठता उठता कोपराने भिंतीवरचा मोठा खटका खाडकन पाडला.

४

दौलतराव त्या खटक्याकडे बघतच राहिले.

"निशिगंधा, हे असंच बंद करता तुम्ही?"

"हो. का?"

"बोर्ड पण?"

"बोर्ड पण. एकदम सगळं. एकेक बटण कोण दाबत बसणार?"

"प्रणव?"

"प्रणव तर पायाने पाडतो."

बोर्डाच्या रिकाम्या जागेच्या वर, भिंतीला एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. गोल, ठसठशीत अक्षर. दौलतरावांनी चष्मा लावला.

'बंद करताना. आधी लाल. दहा मोजा. मग पिवळं. दहा मोजा. मग हिरवं. दहा मोजा. पट्टा मनगटाला लावा. बोर्ड चंदेरी पिशवीत. हळू!'

"हे कोणी लिहिलं?"

"ईशाने. इंग्रजी सूचना कोणी वाचत नाही म्हणून मराठीत लिहिली." निशिगंधा ओशाळली. "तीही कोणी वाचत नाही."

दौलतराव फाटकावर येऊन खुर्चीत बसले. दीड वाजला होता. आज डबा रिक्षावाल्याबरोबर आला होता, चार वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी तो उघडला नाही. मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि मनात दहापर्यंत मोजलं. आठ सेकंद झाले. पुन्हा, जरा सावकाश मोजलं. दहा सेकंद. सतरा काही होईनात.

चिपचा जाणकार असता तर त्याने खटका पाडला असता. चिठ्ठीतलं अक्षर न् अक्षर पाळतो तो चिपबद्दल काही न जाणणारा माणूस. त्याला बोर्ड विकायचाही नव्हता. विकणारा माणूस पकडलं जाण्याच्या भीतीत उभा राहून एक क्लिप तीनतीनदा बघत नाही. त्याला ती क्लिपच हवी होती. आणि त्याचे दहा सतरा सेकंदांचे होते.

इतके लांब दहा दौलतराव रोज ऐकत होते. फाटकापर्यंत ऐकू यायचे.

त्यांनी कालचं पान पुन्हा काढलं. तीन नावं. 'साडेबाराला डबा आला' असं ते सकाळी अशोकला सांगून गेले होते. डबा काय आपला आपण आला? कमलताई आल्या होत्या. डबा हातात दिला होता, जेवून घ्या म्हणाल्या होत्या, सकाळचं रिकामं पातेलं न्यायला वर गेल्या होत्या आणि पातेलं घेऊन खाली आल्या होत्या. श्रीहरींना लॅबमध्ये 'कोणी' दिसलं नव्हतं. दौलतरावांनी तर चार वर्षांत त्यांचं नाव रजिस्टरमध्ये एकदाही लिहिलं नव्हतं. रोज येतात, त्यांचं काय लिहायचं?

त्यांना मनस्वी लाज वाटली. दिवसभरात त्यांना नावाने हाक मारणारं, जेवलात का विचारणारं ते एकच माणूस होतं.

दोन वाजत आले होते. त्यांनी अशोकला निरोप धाडला, "तीनपर्यंत फोन करू नकोस, मी मल्हारगंजात चाललोय," आणि स्कूटरला किक मारली.

५

कमलताईंनी दार उघडलं आणि त्यांना बघून काही विचारलंच नाही. बाजूला झाल्या.

बोर्ड टीव्हीपुढे होता. चंदेरी पिशवीवर धुतलेला रुमाल अंथरून त्यावर ठेवलेला. टीव्ही काळाठिक्कर.

"चालत नाही," त्या म्हणाल्या. "काल दुपारपासून बसलीये याच्यापुढे. मला वाटलं टीव्हीजवळ ठेवलं की दिसेल. त्या लाल-पिवळ्या डब्यांशिवाय नाही चालत वाटतं हे."

"कमलताई, ईशाची क्लिप मागितली का नाही?"

"कोणाला मागू? परवा ती पोरं म्हणाली, बोर्ड गेला की सात नंबरपासून सुटका. हसत होती. वाईट मनाने नाही हो. त्यांच्यासाठी ती पानंच आहेत. मी तिथेच उभी होते, झारा घेऊन. कोणाच्या लक्षात पण नाही आलं." त्यांनी पदराने बोर्डाची कड पुसली. "रोज बघते मी तिला. दहा वाजता, तुमच्या ऑफिसात, उभ्याउभ्या. ती त्याच्यात मोजते. एक, दोन, तीन, दहापर्यंत. कॅमेऱ्याची टेस्ट होती, घरी येऊन सांगितलं होतं मला, की आई, आज झाडाखाली उभं राहून दहा मोजले, सावकाश, तू पोह्यांना मोजतेस ना तशी. वाफेचं तर निमित्त. मी तिच्याबरोबर मोजते."

कमलताई टीव्हीपुढे बसल्या, तसे दौलतरावही खाली बसले.

"चार वर्षं रोज बघितलं, पण रडता नाही आलं एकदा पण. सगळे प्लेटा घेऊन उभे. मला फक्त एकदा, दाराला कडी लावून, बसून बघायचं होतं. काल वर गेले तर लॅबमध्ये कोणीच नव्हतं. तिच्या हातची चिठ्ठी समोर. तिने लिहिलं तसंच केलं मी. मग पातेल्यात ठेवलं."

"ताई, तिथे प्रणववर आळ आलाय. तीनला पोलिसांना बोलावतील."

कमलताई एकदम उठल्या. "त्या नाशिकच्या पोरावर? सकाळपासून? अरे देवा! आणि पोहे पण नाही मिळाले त्याला." त्यांनी बोर्ड पिशवीत घातला, पिशवी दौलतरावांच्या हातात दिली, आणि चपला शोधू लागल्या. "चला. मी सांगते सगळ्यांना. मीच नेला म्हणून सांगते."

"थांबा," दौलतराव म्हणाले. "तुम्ही बसा."

त्यांनी खिशातून फोन काढला. पण फोन अशोकला नाही लावला.

"प्रणव? ते लाल, पिवळे, हिरवे डबे उचल आणि मल्हारगंजात ये. निशिगंधाला पण घे. आणि टीव्हीला लावायची वायर. अशोकला सांग, बोर्ड सापडला. नेणारं माणूस बघायचं असेल तर त्याने स्वतः यावं, एकट्याने."

६

तिघं पावणेतीनला आले. अशोकच्या हातात प्रवासाची बॅग होती. दौलतरावांनी त्यांना गल्लीतच उभं करून सगळं सांगितलं. तिघांपैकी कोणी मान वर केली नाही. अशोकने एकदा प्रणवच्या खांद्यावर हात ठेवला, "माफ कर यार" असं काहीसं पुटपुटला आणि मग दाराशी चपला काढून आत गेला.

प्रणवने बोर्ड जोडला. लाल, पिवळं, हिरवं. टीव्हीला वायर लावली, मध्ये स्वतःचा छोटा रेकॉर्डर जोडला. "काकू, आता ही साध्या फाइलमध्ये निघते. पेनड्राइव्हवर देतो. टीव्हीवर कधीही लावा." त्याने रेकॉर्डरचं बटण दाबलं. "चाळीस सेकंदांचं काम होतं. आम्हाला चार वर्षांत सुचलं नाही. मूळची मीच उडवली, काकू."

"काल रंग खेळलास का रे?" कमलताईंनी विचारलं.

"नाही."

त्या आत गेल्या आणि देवापुढची गुलालाची वाटी घेऊन आल्या. त्याच्या दोन्ही गालांना बोटभर गुलाल लावला. "एक दिवस उशीर झाला, चालतं," म्हणाल्या.

क्लिप उतरली. मग सगळे बाहेर आले आणि आतून कडी लागली. अशोकला विमानाची घाई होती, बोर्ड पिशवीत घालून हातात होता, तरी तो गल्लीतून हलेना. दारापलीकडून आवाज आला, हळू, ओढत ओढत. एक. दोन. तीन. निशिगंधा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सहाला आवाज अडखळला आणि थांबला. मग बराच वेळ फक्त रडणं ऐकू येत होतं. दौलतरावांनी बायको गेल्यानंतर सहा वर्षांत डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. ते कोपऱ्यावर जाऊन स्कूटर पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी दहाला कमलताई पातेलं घेऊन फाटकाशी आल्या. दौलतरावांनी रजिस्टर पुढे केलं.

"हे काय नवीन?"

"नियम आहे. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव."

त्यांनी पातेलं कठड्यावर ठेवलं, पेन घेतलं. कमल पागनीस. दहा वाजून दोन मिनिटं. पुढच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं.

"'कोणाला भेटायचं' असं लिहिलंय इथे. मी तर पोहे घेऊन येते, दौलतरावजी. कोणाला भेटायला थोडीच येते."

दौलतराव उभे राहिले. दुसरी एक खुर्ची त्यांनी सकाळीच आतून आणून ठेवली होती, ती त्यांनी पुढे सरकवली.

"मग माझं नाव लिहा," ते म्हणाले.